चौथा बाण: कागदी विमानावरून बलं शिकवताना

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठावर जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची एक शाळा आहे. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात. गेल्या थंडीत तिथल्या मॅडम सहावीला ‘बल व बलाचे प्रकार’ हा पाठ शिकवत होत्या. सातवीचीही उजळणी होईल म्हणून त्यांनी दोन्ही वर्गांना मिळून कागदी विमानं करायला लावली. फळ्यावर विमान काढलं आणि त्याला चार बाण जोडले: खाली वजन, वर उचल, मागे रोध, पुढे रेटा. मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली, विमानं उडवली, तास छान रंगला. तास संपता संपता सातवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हात ते सुटी गया, मंग जोर कोन लावस?”

मॅडम म्हणाल्या, तू फेकलंस ना, तोच रेटा. मुलगी म्हणाली, फेकताना होता, पण आकृतीतलं विमान तर हवेत आहे आणि हात कुठे काढलेलाच नाही. मॅडम जरा थांबल्या आणि तिला म्हणाल्या, “तुझं म्हणणं बरोबर वाटतंय. मला नीट बघू दे, मग सांगते.” त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी तेव्हा गटसाधन केंद्रात, म्हणजे शाळांतल्या शिक्षकांना मदत करणाऱ्या कार्यालयात, साधनव्यक्ती म्हणून विज्ञानाचं काम पाहत होतो. पुढचे काही आठवडे जमेल तेव्हा त्या वर्गात जाऊन बसलो. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मॅडमचं ते उत्तर. तिथे त्यांनी काहीतरी सांगून विषय मिटवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आकृती कुणाची आणि विमान कुठलं

चार बाणांची ही आकृती चुकीची नाही. ती इंजिन असलेल्या, एका उंचीवरून सरळ जाणाऱ्या विमानाची आहे. उचल वजनाला पेलते, रेटा रोधाएवढाच असतो, आणि विमान एकाच वेगाने पुढे जात राहतं. आपल्याकडच्या मुलांनी असं विमान पाहिलेलं असतं. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरकडेही शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं घिरट्या घालताना दिसतात. त्या विमानाचा पुढचा पंखा अखंड फिरत असतो आणि हवा मागे लोटत असतो. रेटा म्हणजे तेच. पंखा बंद पडला की रेटा त्याच क्षणी संपतो.

कागदी विमानाला पंखाच नाही. हात सुटेपर्यंत हाताचा रेटा असतो, पाठातल्या भाषेत सांगायचं तर स्नायू बल. हात सुटला की तो शून्य. त्यानंतर विमानावर तीनच बलं राहतात: वजन, उचल आणि रोध. म्हणजे उडत्या कागदी विमानाजवळ चौथा बाण काढायचाच नाही, आणि मुलीनं बोट ठेवलं होतं ते नेमकं तिथेच.

मी हे मॅडमना सांगितलं. पण मुलांना लगेच सांगायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. सांगितलं असतं तर मुलांनी एक बाण खोडला असता आणि मनातली समजूत तशीच ठेवली असती. त्याऐवजी एकेक बाण सुटा करून हातात घ्यायचा, आणि तिन्ही पक्के झाले की मगच चौथ्याकडे वळायचं, असा बेत केला.

वजन: सोनाराच्या काट्यावर

सुरुवात साध्या प्रश्नाने केली. झेरॉक्सचा एक कागद तसाच आडवा सोडला, दुसरा चुरगाळून गोळा करून सोडला. आधी कोण पडेल? गोळा आधी पडला, आणि बहुतेकांनी कारणही तयार ठेवलं होतं: “गोळा जड शे.” सातवीतली हुशार समजली जाणारी मुलंही त्यात होती. मॅडमनी वाद घातला नाही. मधल्या सुट्टीनंतर मुलांना घेऊन त्या गावातल्या सोनाराच्या दुकानात गेल्या. एक कोरा कागद, तसल्याच कागदाचं विमान, तसल्याच कागदाचा गोळा. सोनाराने पंख्याचं बटण बंद केलं, काट्याची काचेची झडप लावली आणि एकेक वस्तू ठेवली. तिन्ही वेळा आकडा साडेचार आणि पावणेपाच ग्रॅमच्या मधलाच. तोळा आता दहा ग्रॅमचा धरतात, म्हणजे कागद अर्ध्या तोळ्याच्याही आत.

शाळेत परत आल्यावर हिशेब झाला. पुडक्यावर 75 जीएसएम छापलेलं होतं, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन 75 ग्रॅम. ए-फोर आकाराचे 16 कागद शेजारी शेजारी लावले की एक चौरस मीटर भरतं. 75 भागिले 16, उत्तर 4.69. सोनाराच्या काट्याने दाखवलेली गोष्ट वहीतल्या भागाकाराने सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून स्पष्ट आठवतं. आकार बदलला तरी वजनाचा बाण तेवढाच राहतो, हे त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही. मग गोळा आधी का पडला? उरलं ते हवेचं काम.

उचल आणि रोध: पंख्यासमोर पुठ्ठा

ऑफिसातला टेबल फॅन वर्गात आणला. जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा एकेका मुलाने दोन्ही बाजूंनी बोटांत धरून पंख्यासमोर उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. पुठ्ठा कुठे जाऊ पाहतोय ते सांगायचं. आडवा, वाऱ्याला समांतर धरला तर काहीच जाणवत नाही. पुढची कड किंचित वर केली की पुठ्ठा हातातून वर निघू पाहतो. ज्या मुलीनं मूळ प्रश्न विचारला होता तिनं डोळे मिटूनच मान वर केली, जणू पुठ्ठ्याबरोबर तीही उचलली जात होती. कड आणखी वर केली की वर जाणं कमी होतं आणि पुठ्ठा अंगावर येतो. पूर्ण उभा केला की नुसता मागे ढकलतो.

या एका खेळात उचल आणि रोध दोन्ही बोटांना कळले. दोन्ही एकाच हवेचे आहेत, आणि कोन बदलला की त्यांचा वाटा बदलतो. विमानाचं नाक फार वर झालं की ते थबकतं आणि कोसळतं, त्याचं कारणही इथेच आहे: उचल घटते, रोध वाढतो.

मग कापूस वेचणीचे दिवस कामी आले. एका मुलानं घरून आणलेल्या कापसाचा लांब पेळू ओढून त्याचा बारीक तंतू पुठ्ठ्याच्या मागच्या कडेला डिंकाने चिकटवला. पुठ्ठा तिरका धरला की तंतू मागे जाताना खाली वळलेला दिसायचा. म्हणजे पुठ्ठ्यावरून निघणारी हवा खाली जाते. पुठ्ठा हवेला खाली लोटतो, हवा पुठ्ठ्याला वर लोटते. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम मुलांना पुढच्या वर्गात भेटेल, पण त्यातली गोष्ट त्यांनी कापसाच्या तंतूत पाहून घेतली.

सहावीच्या पुस्तकात बलाचे प्रकार आहेत: स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल. एका मुलानं विचारलं, उचल यातली कुठली? प्रश्न फार चांगला होता. रोधाला घर्षणाच्या शेजारी बसवता येतं. उचल मात्र यादीत सरळ बसत नाही. मॅडमनी तिच्यासाठी पानाच्या कडेला नवी ओळ लिहायला सांगितली: ‘हवेने लावलेलं बल’. माझ्या मते हे योग्यच झालं. यादी मुलांच्या सोयीसाठी असते, निसर्ग तिच्यात बसलाच पाहिजे असं नाही.

इथे एका गोष्टीवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, हा तास मांडला तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा याच्यावर झाली. कित्येक शिक्षक उचल अशी समजावतात: पंख वरून फुगीर असतो, त्यामुळे वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला मागच्या टोकाला एकाच वेळी भेटायचं म्हणून ती जोरात धावते, वेग वाढला की दाब कमी होतो आणि पंख वर ओढला जातो. यातला दाबाचा भाग खरा आहे. उडत्या पंखाच्या वर दाब खालच्यापेक्षा कमीच असतो. पण दोन्ही हवांनी एकाच वेळी पोहोचलं पाहिजे असा कुठलाही नियम नाही. प्रयोगात वरची हवा उलट आधी पोहोचते. शिवाय कागदी विमानाचा पंख सपाट आहे, वरचा आणि खालचा रस्ता सारखाच. फुगीरपणाच उचल देत असता तर आपल्या मुलांचं एकही विमान उडालं नसतं. खरा पंख फुगीर करतात तो कमी रोधात जास्त उचल मिळावी म्हणून. परिषदेतल्या एका ज्येष्ठ गुरुजींनी तिथेच कागद घेऊन विमान केलं, पंख बोटाने सपाट दाबले आणि खोलीभर उडवून दाखवलं. त्यानंतर वाद पुढे गेला नाही.

यू-पिन, आणि जोरात फेकणारा मुलगा

खरी गंमत पुढच्या तासांत आली. मॅडमनी नियम केला: एका वेळी एकच बदल, आणि फेकण्याआधी वहीत ‘अंदाज’ लिहायचा, मग ‘काय झालं’ लिहायचं. हे दोन रकाने नसते तर हा खेळाचा तास झाला असता, मजेचा खरा पण तेवढाच. अंदाज लिहिला की मूल स्वतःच्या समजुतीला बांधलं जातं, आणि ती चुकली तर कारण शोधल्याशिवाय त्याला राहवत नाही.

मोजमाप व्हरांड्यात, सकाळी वारा पडलेला असताना. सगळी विमानं एकाच मुलीने सोडायची असं ठरलं, कारण तिचा हात हलका होता आणि दर वेळी सारखाच चालायचा. मुलांना सुरुवातीला हे पटलं नाही. ज्याचं विमान त्यानेच उडवायचं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मॅडमनी त्यांनाच विचारलं, दोन विमानांतला फरक विमानाचा आहे की हाताचा, हे मग कळणार कसं? मैदान दुपारी सगळ्यांना मोकळं होतं.

विमान नुसतंच सोडलं तर बहुतेकांचं नाक वर व्हायचं, क्षणभर थांबायचं आणि मागे घसरून पडायचं. नाकाला एक यू-पिन लावली की ते सरळ, लांब जायचं. पिना वाढवत गेलं की नाक खाली करून सूर मारायचं. यू-पिन एक ग्रॅमच्याही आत, पण तिने एवढा फरक कसा पडतो? विमान बोटावर तोलून पाहिलं. पिन लावल्यावर तोलाची जागा पुढे सरकते. उचल जिथून लागते त्या जागेच्या किंचित पुढे तोल आला की विमान स्वतःला सांभाळतं: नाक वर गेलं तर खाली येतं, खाली गेलं तर वर येतं. तोल फार पुढे गेला तर नाक वर येतच नाही. पंखाच्या मागच्या कडा बोटाने जराशा वर वळवल्या की पुन्हा वर येतं. हे शेवटचं मुलांनी स्वतःच शोधलं.

वर्गात एक मुलगा आहे, क्रिकेटमध्ये सगळ्यात जोरात चेंडू टाकणारा. मैदानावर त्याने पूर्ण ताकदीने विमान फेकलं. ते सरळ वर चढलं, उलटं झालं आणि त्याच्याच मागे पडलं. पुन्हा तसंच. तो चिडला. इकडे हलक्या हाताच्या मुलीचं विमान निवांत लांब जात होतं. कारण असं: वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, पण वजन तेवढंच राहतं. वजनापेक्षा उचल कितीतरी जास्त झाली की विमानाचा मार्ग वरच्या बाजूला वळतो आणि ते स्वतःभोवती उलटतं. मॅडमनी त्याला बाण काढायला लावले: वजनाचा बाण एक बोट, उचलीचा चार बोटं. काढल्यावर तो स्वतःच म्हणाला की नाक जड केलं पाहिजे किंवा हात हलका. त्याने नाक जड केलं.

चौथ्या बाणाचा तास

आता मूळ प्रश्न. मॅडमनी तो फळ्यावर जसाच्या तसा, अहिराणीतच लिहिला. मुलांची मतं दोन गटांत पडली. मोठा गट म्हणाला, फेकताना हाताचा जोर विमानात जातो आणि हळूहळू संपतो. जोर संपला की विमान पडतं.

ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते आणि तिला मोठी परंपरा आहे. चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठात शिकवणाऱ्या ज्याँ ब्युरिदाँ यांनी फेकलेल्या वस्तूचं पुढे जाणं असंच सांगितलं होतं: फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि तेच तिला पुढे नेतं. पुढे गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या काळात चित्र बदललं. गती टिकवायला बल लागत नाही, बदलायला लागतं. हाताने दिला तो वेग. बल हातापाशीच राहिलं.

पण मग विमान शेवटपर्यंत पुढे कसं जातं? रोध तर सतत मागे ओढतोय. वेग लगेच संपायला हवा. इथे दुसऱ्या गटातला सहावीचा एक मुलगा उभा राहिला. तो रोज पलीकडच्या वस्तीवरून सायकलने येतो. म्हणाला, “उतारवर पायडल कोन मारस?” पुलावरून गावाकडे उतार लागला की तो पायडल मारत नाही, तरी सायकल धावते.

त्याने मुद्दा बरोबर पकडला होता. कागदी विमान हवेच्या उतारावरून घसरत येतं. त्याचा मार्ग थोडा खाली झुकलेला असतो, आणि त्या झुकलेल्या मार्गावर वजनाचाच एक लहानसा वाटा पुढच्या दिशेने लागतो. तो वाटा रोधाला तोलून धरतो, म्हणून वेग टिकतो. पुढे नेणारा वेगळा बाण शोधायची गरज नाही, ते काम वजनच करतं. किंमत मात्र मोजावी लागते, ती उंचीची. दीड मीटर उंचीवरून सोडलेलं विमान नऊ मीटरवर टेकलं, तर दर मीटर उंचीला त्याने सहा मीटर अंतर मिळवलं. उतार जितका सौम्य तितकं विमान चांगलं, आणि तो सौम्य व्हायला रोध कमी आणि उचल जास्त हवी.

त्या दिवशी मॅडमनी इतिहासही सांगितला, आणि तो इथे अगदी चपखल बसला. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी 1799 साली चांदीच्या एका चकतीवर पंखावरच्या बलांची आकृती कोरली. 1804 मध्ये त्यांनी बिनइंजिनाचं छोटं विमान करून उडवलं. राइट बंधूंनी 1900 ते 1902 ही तीन वर्षं बिनइंजिनाच्या विमानांवर तोल साधायला शिकण्यात घालवली. इंजिन आलं त्यानंतर, आणि 17 डिसेंबर 1903 रोजी पहिलं उड्डाण झालं: 12 सेकंद, सुमारे 36.5 मीटर. म्हणजे माणसानेही आधी तीन बाण सोडवले, चौथा शेवटी लावला. 2022 मध्ये अमेरिकेत कागदी विमानाचा अंतराचा विश्वविक्रम झाला तो 88.318 मीटरचा, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या दुपटीहून जास्त, आणि हात सुटल्यानंतर रेटा शून्य. हा आकडा सांगितल्यावर मुलांनी शाळेच्या फाटकापासून 88 मीटर मोजायचा हट्ट धरला. मोजले. रस्त्यावरच्या टपरीच्याही पलीकडे गेले.

उत्तरपत्रिका

चाचणीसाठी मॅडमकडे तयार कृतिपत्रिका होती. त्यात विमानाचं चित्र आणि चार रिकाम्या चौकटी. चित्रातलं विमान कागदी होतं. तीन लिहिणाऱ्या मुलाचा एक गुण जाणार आणि चार लिहिणाऱ्याला पूर्ण मिळणार, असा प्रकार. मॅडमनी ती वापरली नाही. त्यांनी स्वतः तीन चित्रं काढली: हातात धरून ढकललं जाणारं कागदी विमान, हात सुटल्यानंतरचं तेच विमान, आणि आकाशातलं पंख्याचं विमान. प्रत्येकाला किती बाण आणि का, एवढाच प्रश्न. मला ही चाचणी फार आवडली. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात चौथा बाण आहे, मधल्यात नाही, आणि कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. अहिराणीत लिहिलेलं कारणही ग्राह्य धरलं.

बहुतेकांनी मधल्या चित्रात तीनच बाण काढले. ज्यांनी चार काढले त्यांच्याशी मॅडम एकेकटं बोलल्या. दोघीतिघी आकृती पाठ असल्यामुळे चुकल्या होत्या, त्यांनी बोलता बोलताच खोडलं. एक मुलगा मात्र ठाम होता. त्याचं म्हणणं, मागून वारा विमानाला ढकलतो, तोच रेटा. त्याने दुपारी मैदानावर वाऱ्याच्या दिशेने विमान सोडलेलं होतं आणि ते कितीतरी लांब गेलेलं पाहिलं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. मॅडमनी वर्गाची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि त्यालाच विमान सोडायला सांगितलं. वारा नाही तरी विमान समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. त्याने बाण खोडला, पण विचारलं की मग मैदानावर लांब का गेलं? त्याचं उत्तर असं की मैदानावर सगळी हवाच पुढे चाललेली असते आणि विमान त्या हवेच्या आत उतार उतरत असतं. हवेच्या मानाने ते तेवढंच जातं, जमिनीच्या मानाने जास्त. हे त्याला निम्मं पटलं. येत्या सत्रात रबर पिळून फिरणाऱ्या पंख्याचं विमान करायचं ठरलं आहे, त्यात रेटा खराखुरा हाताशी येईल. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध असं दोन्हीकडे सोडून अंतर मोजायचं काम मॅडमनी त्याच मुलाकडे दिलं आहे.